छत्तीस अधिकाऱ्यांचे कोडे

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यात मैंदर्गी नावाचे एक गाव आहे. कर्नाटकाची सीमा तेथून दूर नाही. त्यामुळे गावाच्या बाजारात मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषा कानांवर पडतात. पावसाळा सरत आला की येथला शेतकरी काळ्या रानात रब्बीची ज्वारी पेरतो. मुलांनो, अशाच एखाद्या रानाच्या बांधावर आपण क्षणभर उभे राहू. आज आपल्याला एका थोर गणितज्ञाची ओळख करून घ्यावयाची आहे, आणि त्यांनी सोडविलेले कोडे शेतात उभे राहून पाहिले म्हणजे चटकन समजते.

समजा, एका शेतकऱ्याजवळ ज्वारीचे तीन वाण आहेत : मालदांडी, दगडी आणि गुळभेंडी. खतेही तीन आहेत : पहिले शेणखत, दुसरे लेंडीखत आणि तिसरे पेंडीचे खत. कोणता वाण सरस आणि कोणते खत अधिक गुणकारी, हे त्याला पाहावयाचे आहे. पण शेत सगळे सारखे नसते. ओढ्याकडची जमीन खोल आणि ओल धरणारी असते; माळाकडची जमीन उथळ आणि मुरमाड असते. सगळी मालदांडी ओढ्याकडे पेरली आणि ती भरघोस आली, तर ते यश बियाण्याचे मानावे की जमिनीचे? आपला शेतकरी विचारी आहे. तो शेताचे नऊ सारखे वाफे करतो आणि पुढीलप्रमाणे पेरणी करतो. वाणांची आद्याक्षरे म, द, ग अशी आहेत आणि अंक खतांचे आहेत.

म१  द२  ग३
द३  ग१  म२
ग२  म३  द१

ही चौकट नीट न्याहाळा. प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या ओळीत प्रत्येक वाण एकदाच आला आहे. प्रत्येक खतही तसेच एकदाच आले आहे. त्याहून मौजेची गोष्ट अशी की, वाण आणि खत ह्यांच्या नऊ जोड्यांपैकी प्रत्येक जोडी एकदाच आली आहे; एकही राहिली नाही आणि एकीचीही पुनरावृत्ती झाली नाही. आता जमिनीचा कस कोणाच्याही बाजूने पक्षपात करू शकत नाही. केवळ वाणांची किंवा केवळ खतांची अशी चौकट असेल, तर तिला गणितात ‘लॅटिन चौरस’ म्हणतात. असे दोन चौरस एकमेकांत बेमालूम मिसळले म्हणजे वरची चौकट तयार होते. ह्या पाठापुरते आपण तिला ‘जोडचौकट’ म्हणू.

तीनांची जोडचौकट झाली. मग चारांची होईल का? पाचांची? सहांची? हा साधा दिसणारा प्रश्न युरोपातील एका महान गणितज्ञाने विचारला होता. त्याचे नाव लिओनार्ड ऑयलर.

ऑयलरचा जन्म १७०७ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झाला. त्याचे बहुतेक आयुष्य रशियातील सेंट पीटर्सबर्ग आणि जर्मनीतील बर्लिन ह्या नगरांत गेले. उतारवयात त्याची दृष्टी गेली. परंतु त्याचे गणित थांबले नाही. तो मनातल्या मनात गणिते करी आणि इतरांकडून ती लिहवून घेई. गणिताची क्वचितच एखादी शाखा असेल, की जिच्यावर त्याच्या बुद्धीची छाप पडलेली नाही.

१७८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्याने पुढील कोडे मांडले. सहा पलटणी आहेत. प्रत्येक पलटणीतून सहा निरनिराळ्या हुद्द्यांचे सहा अधिकारी बोलाविले आहेत. ह्या छत्तीस अधिकाऱ्यांना सहा रांगांत अशा रीतीने उभे करावयाचे, की प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत प्रत्येक पलटणीचा एक आणि प्रत्येक हुद्द्याचा एक अधिकारी यावा. म्हणजेच सहांची जोडचौकट करावयाची. ऑयलरने पुष्कळ खटपट केली; पण अधिकारी काही मनासारखे उभे राहिनात!

जोडचौकट कोणत्या संख्यांची होते, ह्याचा त्याने विचार केला. तीन, पाच, सात अशा विषम संख्यांची चौकट करण्याची रीत त्याला सापडली. चार, आठ, बारा अशा, चाराने भाग जाणाऱ्या संख्यांचीही रीत सापडली. राहिल्या त्या दोनाने भाग जाणाऱ्या, पण चाराने भाग न जाणाऱ्या संख्या : दोन, सहा, दहा, चौदा, अठरा, बावीस इत्यादी. दोनांची जोडचौकट होत नाही, हे तुम्ही स्वतः कागदावर पाहू शकाल. सहांची होत नाही असे ऑयलरला वाटत होते. पण तसे सिद्ध करणे त्याला साधले नाही. तरीही त्याने असा तर्क केला, की ह्या मालिकेतील कोणत्याच संख्येची जोडचौकट होणे शक्य नाही.

तर्क आणि सिद्धता ह्यांत मोठे अंतर असते. ३, ५ आणि ७ ह्या मूळ संख्या आहेत. एवढ्यावरून ‘तीन व त्यापुढील सर्व विषम संख्या मूळ असतात’ असे कोणी म्हणाला, तर पुढचीच ९ ही संख्या त्याला खोटे पाडील. परंतु ऑयलरचा तर्क खोटा पाडणारी संख्या कोणाला सापडेना. १९०१ साली गॅस्टन टॅरी ह्या फ्रेंच गणितप्रेमी गृहस्थाने सगळ्या शक्यता चिकाटीने तपासून दाखविल्या आणि सहांची जोडचौकट होत नाही हे सिद्ध केले. त्यामुळे ऑयलरचे म्हणणे खरे असावे, हा समज अधिकच दृढ झाला. काहींनी तर त्याच्या संपूर्ण तर्काच्या सिद्धताही प्रसिद्ध केल्या. मात्र त्यांत चुका निघाल्या. पुढे संगणक आला, तेव्हा दहांची जोडचौकट त्याच्याकडूनही शोधवून पाहिली. तोही प्रयत्न निष्फळ ठरला.

ज्या वेळी कोडे असे अडून बसले होते, त्या वेळी नागपूरच्या एका महाविद्यालयात एक मराठी अध्यापक विद्यार्थ्यांना गणित शिकवीत होते. त्यांचे नाव शरदचंद्र शंकर श्रीखंडे.

श्रीखंडे ह्यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ रोजी सागर येथे झाला. सागर हे गाव आज मध्य प्रदेशात आहे. त्या काळी ते मध्य प्रांतात मोडत असे आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात त्यांचे उच्च शिक्षण झाले आणि पुढे नागपुरासच त्यांनी अध्यापनास आरंभ केला. मधल्या काळात ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काही दिवस राहिले. प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांनी १९३१ साली स्थापिलेली ही संस्था संख्याशास्त्राचे मोठे केंद्र होती. शेतीतील प्रयोगांची आखणी कशी करावी, कोणते बियाणे कोणत्या वाफ्यात पेरावे, ह्या प्रश्नांचा तेथे गणिताच्या आधारे विचार होत असे. आपण मैंदर्गीच्या रानात जी चौकट आखली, तशाच चौकटींचा हा अभ्यास होता. राजचंद्र बोस हे त्या संस्थेतील ह्या विषयाचे थोर जाणकार. शेताच्या वाफ्यांतून निघालेला हा विषय श्रीखंडे ह्यांच्या मनात खोल रुजला.

१९४७ साली श्रीखंडे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात संशोधनासाठी गेले. हे विद्यापीठ चॅपेल हिल ह्या गावी आहे. थोड्याच दिवसांत बोसही तेथे प्राध्यापक म्हणून आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली श्रीखंडे ह्यांनी प्रयोगांच्या रचनांवर प्रबंध लिहिला आणि १९५० साली डॉक्टरेट ही पदवी मिळविली. त्यानंतर ते नागपूरच्या आपल्या महाविद्यालयात परतले. वर्गात शिकवावे आणि उरलेल्या वेळात आपल्या प्रश्नांचे चिंतन करावे, असा त्यांचा क्रम होता. काही वर्षांनी पुन्हा चॅपेल हिल येथे अभ्यागत प्राध्यापक म्हणून जाण्याची संधी त्यांना मिळाली. आता गुरू आणि शिष्य सहकारी म्हणून एकत्र बसले.

ह्याच सुमारास अमेरिकेतील अर्नेस्ट पार्कर नावाच्या तरुण गणितज्ञाने ह्या चौकटींविषयी एक नवीन शोध लावला. ऑयलरचा तर्क त्याने खोटा ठरत नव्हता; पण त्या तर्काशी संबंधित असलेला आणखी एक तर्क मात्र ढासळला होता. भिंतीचा एक चिरा हलला की शेजारचा चिराही हलतो का, हे शहाणा माणूस पाहतोच. बोस आणि श्रीखंडे ह्यांनी तेच केले. आजवर बहुतेक लोक ‘ही चौकट होत नाही हे सिद्ध कसे करावे?’ असा विचार करीत होते. ह्या दोघांनी विचारले, ‘ती होत असेल तर?’

त्यांनी दहांऐवजी बावीसांची जोडचौकट घेतली. तिच्यात चारशे चौऱ्याऐंशी घरे! ती एकेक घर चाचपडत भरणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. तेथे त्यांना एक जुने कोडे उपयोगी पडले. १८५० साली कर्कमन नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने ते मांडले होते. एका शाळेतील पंधरा मुली रोज तिघी-तिघींच्या पाच गटांत फिरावयास जातात. सात दिवसांत कोणत्याही दोन मुली एका गटात एकदाच याव्यात, असे गट पाडावयाचे. असे गट पाडता येतात. सात दिवसांचे मिळून ते पस्तीस गट होतात.

आता अशी कल्पना करा, की प्रत्येक दिवसासाठी एक वेगळी शिक्षिका नेमली आहे आणि त्या दिवसाच्या प्रत्येक गटात तिचे नाव घातले आहे. म्हणजे प्रत्येक गट चार जणींचा झाला. सात शिक्षिकांचा आणखी एक गट करा. पंधरा मुली आणि सात शिक्षिका मिळून बावीस जणी झाल्या. आता त्यांतील कोणत्याही दोघी घ्या. त्या एकत्र येतात असा एकच गट आढळेल, अधिक नाही आणि उणाही नाही. दोन मुली असतील तर तिघींच्या जुन्या गटात त्यांची एकदा गाठ पडलेली आहे. एक मुलगी आणि एक शिक्षिका असतील, तर त्या शिक्षिकेच्या दिवशी त्यांची गाठ पडते. दोन्ही शिक्षिका असतील, तर सातांच्या गटात पडते.

हीच ती किल्ली. चारांच्या आणि सातांच्या जोडचौकटी कशा करतात, हे ऑयलरच्या काळापासून ठाऊक होते. बोस आणि श्रीखंडे ह्यांनी प्रत्येक गटासाठी योग्य ती लहान चौकट घेतली आणि सगळ्या लहान चौकटी मोठ्या चौकटीत बसविल्या. मोठ्या चौकटीतील एखाद्या घरात काय लिहावयाचे? त्या घराच्या आडव्या आणि उभ्या ओळींच्या क्रमांकाच्या दोघी ज्या एकमेव गटात एकत्र येतात, त्या गटाची लहान चौकट त्याचे उत्तर देते. जुन्या कापडांचे तुकडे जोडून आपल्या घरची आजी वाकळ शिवते ना, तशीच ही शिवण होती. फरक इतकाच की, येथे एकही टाका चुकून चालणार नव्हता. आणि तो चुकला नाही. बावीसांची जोडचौकट तयार झाली! ज्या ठिकाणी जोडचौकट असणे अशक्य मानले होते, त्याच ठिकाणी ती डोळ्यांपुढे उभी राहिली. ऑयलरचा तर्क १७७ वर्षांनी खोटा ठरला.

ह्यानंतर पार्कर ह्यांनी दहांची जोडचौकट शोधून काढली. मग बोस, श्रीखंडे आणि पार्कर ह्या तिघांनी मिळून काम केले आणि सिद्ध केले, की दोन आणि सहा ह्या दोनच संख्या सोडल्या तर त्या मालिकेतील प्रत्येक संख्येची जोडचौकट होते. ऑयलर दोन आणि सहा ह्या ठिकाणी बरोबर होता. पुढच्या सगळ्या ठिकाणी त्याचा अंदाज चुकला होता. २६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ ह्या वृत्तपत्राने ही वार्ता पहिल्या पृष्ठावर छापली. गणितातील शोधाला असा मान सहसा मिळत नाही. ऑयलरचा बेत उधळून लावणारे, अशा अर्थाचे एक गमतीदार नावही ह्या तिघांना लोकांनी दिले.

त्याच वर्षी श्रीखंडे ह्यांनी आणखी एक शोध प्रसिद्ध केला. सोळा बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू ठरावीक सहा बिंदूंना जोडणारी एक विलक्षण आकृती त्यात होती. गणिताच्या जगात ती आजही ‘श्रीखंडे आलेख’ ह्या नावाने ओळखली जाते.

एवढी कीर्ती मिळाल्यावर परदेशी राहणे त्यांना अवघड नव्हते. परंतु ते स्वदेशी परतले. १९६० पासून तीन वर्षे ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक होते. १९६३ साली मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे पहिले प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. नवा विभाग उभारणे हे नव्या रानात पहिली नांगरट करण्यासारखे असते. ते काम त्यांनी पंधरा वर्षे केले आणि १९७८ साली ते सेवानिवृत्त झाले. पुढे १९८३ ते १९८६ ह्या काळात त्यांनी अलाहाबाद येथील मेहता संशोधन संस्थेचे संचालकपद सांभाळले. हीच संस्था आता हरिश्चंद्र संशोधन संस्था ह्या नावाने प्रसिद्ध आहे. देशातील आणि परदेशातील विद्वत्संस्थांनी आपले सदस्यत्व देऊन त्यांचा गौरव केला. त्यांचे पुत्र मोहन हेही गणितज्ञ झाले आणि त्यांनी वडिलांच्याच विषयात संशोधन केले. २१ एप्रिल २०२० रोजी विजयवाडा येथे, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी श्रीखंडे ह्यांचे निधन झाले.

मुलांनो, श्रीखंडे आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ऑयलरचा तर्क खोटा ठरविला, म्हणून ऑयलर लहान झाला का? मुळीच नाही. कोडे त्याचेच होते. अर्धी वाट त्यानेच दाखविली होती. थोरांचा आदर करणे म्हणजे त्यांचा प्रत्येक शब्द डोळे मिटून मानणे नव्हे. त्यांनी अपुरे ठेवलेले काम निष्ठेने पुढे नेणे, हा त्यांचा खरा आदर होय. गणिताच्या दरबारात बोलणारा कोण आहे, हे कोणी विचारीत नाही. तो जे म्हणतो ते सिद्ध होते की नाही, एवढेच तेथे पाहतात. म्हणूनच नागपूरच्या एका अध्यापकाचे म्हणणे त्या दरबारात ऑयलरच्या म्हणण्यापुढेही टिकले.

पुढे कधी शेताच्या बांधावरून जाल, तेव्हा वाफ्यांच्या सरळ ओळींकडे पाहून ह्या नऊ घरांच्या चौकटीची आठवण करा. तुमच्या वहीतील एखादे उदाहरण सुटत नसेल, तर ते सुटणारच नाही असे एकदम ठरवू नका. ‘सुटत असेल तर?’ असे स्वतःला विचारून पुन्हा एकदा पाटीवर घ्या.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे थोडक्यात लिहा :
(अ) शेतकऱ्याने सगळी मालदांडी ओढ्याकडे का पेरली नाही?
(आ) ऑयलरने छत्तीस अधिकाऱ्यांचे कोणते कोडे मांडले?
(इ) गॅस्टन टॅरीने काय सिद्ध केले? त्यामुळे लोकांचा कोणता समज दृढ झाला?
(ई) पंधरा मुलींच्या कोड्याचा श्रीखंडे आणि बोस ह्यांना कसा उपयोग झाला?

२. ‘तर्क आणि सिद्धता ह्यांत मोठे अंतर असते.’ हे वाक्य तुमच्या अनुभवातील एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.

३. पुढील शब्दप्रयोगांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : छाप पडणे, खोटे पाडणे, अडून बसणे, आवाक्याबाहेर असणे, डोळे मिटून मानणे.

४. समानार्थी शब्द सांगा : चिकाटी, कीर्ती, वार्ता, निष्फळ.

५. करून पहा :
(अ) दोन वाण आणि दोन खते घेऊन चार वाफ्यांची जोडचौकट करून पहा. ती का होत नाही, ते आपल्या शब्दांत लिहा.
(आ) पत्त्यांच्या जोडातून चारही रंगांचे एक्के, राजे, राण्या आणि गुलाम काढा. ही सोळा पाने चार ओळींत अशी मांडा, की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक रंगाचे एक आणि प्रत्येक चित्राचे एक पान येईल. घाई करू नका. ही मांडणी निश्चित होते.